भंडाऱ्याचा बाहेरचा खासदार

तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे गाव आज बाहेरच्यांना ठाऊक आहे ते दोन गोष्टींमुळे. एक, ब्रिटिश काळात बांधलेला तिथला मोठा तलाव आणि दुसरी, नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचे फाटक. पण हा मुलूख एकेकाळी देशाच्या राजकारणात एका वेगळ्याच कारणाने गाजला होता, आणि ते कारण आता इथल्यांच्याही फारसे स्मरणात नाही. १९५४ साली गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. महाराष्ट्र राज्यही नव्हते. भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. भंडारा लोकसभा मतदारसंघ दोन जागांचा होता. एक जागा खुली, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. मे १९५४ मध्ये या मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. काँग्रेसच्या विरोधात राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि खुल्या जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता. दोघांपैकी एकही भंडाऱ्याचा नव्हता. मेहता निवडून आले, आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी पडले.

हा निकाल समोर ठेवला की ‘बाहेरचा उमेदवार’ या शब्दाकडे जरा संशयाने पाहावे लागते. आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत हा शब्द निघतो, जणू जन्मगाव किंवा मतदार यादीतला पत्ता पाहिला की माणूस आपला की परका ते ठरले. अशोक मेहतांची कारकीर्द या समजुतीला छेद देते. ते जन्माने परप्रांतीय होते, भंडाऱ्याला त्यांचे घर नव्हते, भाषाही त्यांची नव्हती. तरी लोकांनी त्यांना दोनदा लोकसभेत पाठवले. माझे म्हणणे असे की जन्मस्थानामुळे मेहता भंडाऱ्याला परके ठरले नाहीत. ते परके राहिले ते एका वैचारिक सवयीमुळे. देशाचा नकाशा आधी आणि गाव नंतर पाहायची ती सवय, संपादकाची आणि नियोजनकाराची. त्या सवयीने या भागाला काही दिलेही आणि बरेचसे हिरावलेही.

अशोक मेहतांचा जन्म २४ ऑक्टोबर १९११ चा, काठियावाडातल्या भावनगरचा. वडील रणजितराम मेहता हे गुजराती साहित्यातले मोठे नाव. गुजराती साहित्य परिषद उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि गुजरातीतला मानाचा रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांच्याच नावाने दिला जातो. वडील १९१७ साली वारले तेव्हा अशोक सहाही वर्षांचा नव्हता. शिक्षण अहमदाबादला, सोलापूरला आणि पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात झाले. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात पुढचा अभ्यास. म्हणजे महाराष्ट्राशी त्यांची गाठ पडली ती विद्यार्थी म्हणून, आणि पक्की झाली ती कैदी म्हणून. सविनय कायदेभंगात शिक्षा होऊन ते नाशिकच्या तुरुंगात गेले. तिथे जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी मंडळी एकत्र होती. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथल्या चर्चांतून निघाली आणि १९३४ साली पक्ष प्रत्यक्षात आला. पक्षाचे इंग्रजी साप्ताहिक होते ‘काँग्रेस सोशॅलिस्ट’. १९३५ ते १९३९ या काळात त्याचे संपादन मेहतांकडे होते. वयाच्या चोविसाव्या वर्षी हातात आलेले हे साप्ताहिक म्हणजे त्यांची खरी शाळा. दर आठवड्याला देशाच्या आणि जगाच्या घडामोडींवर भूमिका घ्यायची, ती आकड्यांनी पटवायची, विरोधकाचे म्हणणे आधी मांडून मग खोडायचे, ही शिस्त पुढे त्यांच्या भाषणांत, पुस्तकांत आणि सरकारी अहवालांतही दिसते. अच्युतरावांबरोबर लिहिलेले जातीय प्रश्नावरचे पुस्तक असो, १८५७ वरचे असो, की हिंदुस्थानची मालमत्ता कोणाच्या हातात आहे याचा हिशेब मांडणारे छोटेखानी पुस्तक असो, लेखक तोच, साप्ताहिकाचा. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या १९५० च्या दोन महिन्यांच्या संपाचे नेतृत्वही या गुजराती माणसाने केले. संप करणारे कामगार बहुतांशी कोकणातले आणि घाटावरचे होते, म्हणजे मुंबईत तेही बाहेरचेच.

भंडाऱ्याची जागा मोकळी कशी झाली ही कथा मेहतांइतकीच बोलकी आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत खुल्या जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी निवडून आले होते. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या पेढीत भागीदार होते. या पेढीचा लष्कराच्या कॅन्टीनला विड्या पुरवण्याचा करार केंद्र सरकारशी होता, आणि सरकारशी असा करार असलेल्या माणसाला निवडणूक लढवायला कायद्याने बंदी होती. दुसरा मुद्दा राखीव जागेचा. गंगाराम ठवरे यांचा अर्ज ते महानुभाव पंथाचे आहेत, म्हणून आता महार उरले नाहीत, असे म्हणून फेटाळला गेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी १९५४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की जसाणी अपात्र होते आणि पंथ बदलल्याने ठवरे यांची जात सुटत नाही, म्हणून त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला. सगळी निवडणूकच रद्द झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अजून वाचावा लागतो, पण तो मुळात गोंदिया-तिरोड्याच्या विडीचा आणि झाडीपट्टीतल्या जातिव्यवस्थेचा निकाल आहे हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

स्थानिक आणि बाहेरचा या भाषेची पहिली गंमत इथेच आहे. विडीचा धंदा या भागात वाढवला तो बहुतांशी गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी. रेल्वेचा फाटा गोंदियाला आला, जंगलातला तेंदूपत्ता हाताशी होता, वळायला स्वस्त हात होते, आणि पेढ्या उभ्या राहिल्या. जसाणी हे नावही गुजरातेतलेच. पण त्यांना कोणी उपरे म्हणत नव्हते, कारण पेढी इथे होती आणि हजारो घरांची रोजी तिच्यावर होती. त्याही मागे जायचे तर या मुलखातले पोवार माळव्यातून आल्याचे आपल्या परंपरेत सांगतात, आणि तलाव बांधण्यात नाव कमावलेले कोहळी आपले मूळ बनारसकडे नेतात. वैनगंगेच्या खोऱ्यात जुना रहिवासी कोण हे विचारत बसले तर शेवटी गोंडांपाशीच थांबावे लागेल, आणि मतदार यादीत नेमके तेच शेवटी येतात. तेव्हा ‘बाहेरचा’ म्हणजे गावात जमीन, पेढी किंवा सोयरीक नसलेला माणूस, एवढाच त्या शब्दाचा व्यवहारातला अर्थ. मेहतांजवळ यातले काहीच नव्हते. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, नुकतीच १९५१ मध्ये संपली होती, कुळांना जमिनीचे हक्क कागदावर मिळू लागले होते, आणि अशा वेळी मालगुजारांशीही नाते नसलेला, पेढीशीही नाते नसलेला उमेदवार असणे ही उलट जमेची बाजू ठरू शकत होती.

पण मग आंबेडकर का पडले? इथे निवडणुकीची तेव्हाची रीत समजून घ्यावी लागते. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्हाची वेगळी पेटी असे आणि कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दोन जागांच्या मतदारसंघात दोन मतपत्रिका मिळत, मात्र दोन्ही एकाच पेटीत टाकता येत नसत. काँग्रेसची बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. विरोधी मतदाराने एक मत झोपडीला आणि दुसरे हत्तीला द्यावे, हे साधे गणित होते. दोन वर्षांपूर्वी मुंबईत हेच गणित चुकले होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून आंबेडकर आणि मेहता जोडीने उभे राहिले आणि दोघेही पडले. आंबेडकरांना काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी चौदा हजारांवर मतांनी हरवले. त्या वेळी ‘मते कुजवा’ ही घोषणा महाराष्ट्रभर गाजली होती. दुसरे मत वाया घालवायचे, म्हणजे नको तो माणूस निवडून येत नाही. भंडाऱ्यातही दुसऱ्या मताचाच प्रश्न होता. आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या आठवणींत असे सांगितले जाते की काहींनी बाबासाहेबांना सुचवले, आपल्या लोकांनी फक्त तुम्हालाच मत द्यावे आणि दुसरे कुजवावे. त्यांनी ते मान्य केले नाही. ज्याने मताधिकार लिहिला त्याने मत फुकट घालवायला सांगावे हे त्यांना पटणारे नव्हते.

निकालाचा अर्थ लावताना इथे एक आक्षेप येईल. राखीव जागेवर आंबेडकरांना हरवणारे भाऊराव बोरकर याच भागातले होते, तेव्हा स्थानिक माणूस जिंकला, जात मध्ये कशाला आणायची? आक्षेप अगदीच पोकळ नाही. बोरकरांचा संपर्क होता, काँग्रेसची यंत्रणा होती, सत्ता होती. पण त्याच मतदारांना खुल्या जागेवर काठियावाडचा माणूस चालला. बाहेरचा म्हणून नकार द्यायचा असता तर तो दोघांनाही मिळाला असता. महूला जन्मलेला आणि मराठी बोलणारा नेता परका ठरला. भावनगरला जन्मलेला, मराठी ज्याची भाषा नव्हती तो नेता आपला ठरला. झोपडीला मत देणारे अनेक हात हत्तीच्या पेटीपाशी थबकले असावेत, याहून साधा अर्थ मला दिसत नाही. समाजवादी पक्षाने या प्रश्नाला पुढे तोंड दिले असते तर बरे झाले असते. जमीनवाटप, संप, नियोजन यांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या पक्षाला आपला मतदार दुसऱ्या मताचे काय करतो हे तपासायला सवड झाली नाही. मेहतांना या यशाचा दोष देता येणार नाही, पण त्यांनी त्याचा हिशेब मांडल्याचेही दिसत नाही, आणि हिशेब मांडणे हा तर त्यांचा हातखंडा.

याचे कारण त्यांच्या त्या काळच्या विचारात सापडते. भंडाऱ्याच्या आदल्याच वर्षी, जून १९५३ मध्ये, त्याच मध्य प्रदेशातल्या बैतूलला प्रजासमाजवादी पक्षाचे खास अधिवेशन झाले. तिथे मेहतांनी एक गाजलेला प्रबंध मांडला. मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या काही राजकीय अपरिहार्यता असतात, गरीब देशात भांडवल उभारायचे, धरणे बांधायची, शेती सुधारायची तर सत्ताधारी आणि विरोधक यांनी सगळ्याच मुद्द्यांवर झगडत बसणे परवडत नाही, सहकार्याची क्षेत्रे शोधली पाहिजेत. पक्षातल्याच राममनोहर लोहियांनी ही मांडणी साफ नाकारली; त्यांना काँग्रेस आणि कम्युनिस्ट दोघांपासून सारखे अंतर हवे होते. पुढे १९५५ मध्ये पक्ष फुटला त्यामागे हा वादही होता. मेहतांची बाजू तर्काने कमकुवत नव्हती. वर्षभरापूर्वीच्या निवडणुकीत समाजवाद्यांना साडेदहा टक्के मते मिळूनही लोकसभेच्या जेमतेम बारा जागा मिळाल्या होत्या, तेव्हा केवळ विरोध करून राहायचे की काही घडवायचे हा प्रश्न रास्त होता. पण त्यात एक गोम होती. सहकार्य कोणाशी आणि कुठल्या पातळीवर? दिल्लीच्या पातळीवर नेहरूंशी सहकार्य शक्य होते. तिरोड्याच्या पातळीवर काँग्रेस म्हणजे नियोजन आयोग नव्हता. तिथे काँग्रेस म्हणजे जुना मालगुजार, विडीची पेढी आणि तेंदूच्या लिलावातला ठेकेदार. बैतूलच्या प्रबंधात देश दिसतो, हा ठेकेदार दिसत नाही.

लोक म्हणतील, खासदाराचे काम गावातल्या ठेकेदाराशी लढणे नाही, संसदेत धोरण ठरवणे हे आहे. आणि मेहतांसारखा अर्थशास्त्र जाणणारा माणूस संसदेत पाठवणे ही भंडाऱ्याने देशाला दिलेली देणगीच. हे मान्य करायला मला अडचण वाटली नसती, ते इथे टिकले असते तर. १९५७ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेत गेले नाहीत. बिहारातल्या मुझफ्फरपूरहून लोकसभेत गेले. (मुझफ्फरपूरला असे पाहुणे नेते मानवतात बहुधा. वीस वर्षांनी मंगळूरहून मुंबईत आलेल्या आणि कामगार चळवळीत वाढलेल्या जॉर्ज फर्नांडिसांनाही, तेही तुरुंगात असताना, तिथल्या लोकांनी निवडून दिले.) पक्षाला जिथे जागा सुरक्षित वाटते तिथे नेत्याने जावे, हा राजकारणातला व्यवहार आहे आणि तो समाजवाद्यांनीही पाळला. भंडाऱ्याच्या दृष्टीने त्याचा परिणाम एवढाच की तीन वर्षांच्या आत एक ठिकाण मागे पडले.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. डिसेंबर १९६३ मध्ये मेहता नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पक्षाने त्यांना काढले, ते काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले. १९६६ मध्ये रुपयाच्या अवमूल्यनाआधी जागतिक बँकेशी बोलणी करायला वॉशिंग्टनला जाणारे तेच. आणि १९६७ मध्ये ते पुन्हा भंडाऱ्यात उगवले, या खेपेस बैलजोडीवर, आणि निवडून आले. एकाच मतदारसंघाने एकाच माणसाला आधी काँग्रेसच्या विरोधात आणि मग काँग्रेसचा म्हणून निवडून दिले. त्यांना संधिसाधू म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. मंत्रिपद सोडायला ते कचरले नाहीत. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाने चेकोस्लोव्हाकियात फौजा घुसवल्या आणि संयुक्त राष्ट्रांत भारताने निषेधाच्या ठरावावर तटस्थ राहणे पसंत केले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. प्रागसाठी मंत्रिपद सोडणारा भारतीय मंत्री शोधूनही दुसरा सापडणार नाही. पण पाहा, जिच्यासाठी त्यांनी खुर्ची सोडली ती गोष्ट प्रागची आहे. संपादकाचा स्वभाव सुटला नव्हता. ज्या प्रश्नावर अग्रलेख लिहावा त्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. भंडाऱ्यातल्या कुठल्या प्रश्नावर तशी वेळ आली नाही, म्हणजे तिथे प्रश्न नव्हते असे नाही.

मेहतांचे जे काम चोरखमाऱ्यासारख्या गावापर्यंत सरळ पोचू शकले असते, ते त्यांनी कोणाचेही खासदार नसताना केले. आणीबाणीत ते तुरुंगात होते. जनता सरकार आल्यावर डिसेंबर १९७७ मध्ये पंचायत राज्याचा विचार करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मेहता. ऑगस्ट १९७८ मध्ये समितीने १३२ शिफारशी केल्या. जिल्हा परिषद हा सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा पाया असावा, तिच्याखाली पंधरा ते वीस हजार लोकवस्तीच्या मंडल पंचायती असाव्यात, निवडणुका वेळेवर व्हाव्यात, राजकीय पक्षांनी उघडपणे त्या लढवाव्यात, अनुसूचित जातीजमातींना लोकसंख्येप्रमाणे जागा मिळाव्यात, दुर्बल घटकांसाठी राखलेला पैसा त्यांच्यापर्यंत जातो की नाही याची नियमित तपासणी व्हावी. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा चालत होत्याच, आणि समितीने जिल्ह्याला दिलेले महत्त्व या अनुभवाशी जुळणारे होते. अहवालातले पुष्कळसे पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर आले, जरी १९७९ मध्ये जनता सरकार पडल्याने त्या वेळी तो बासनात गेला. कर्नाटकाने मंडल पंचायती करून पाहिल्या, महाराष्ट्राने नाही.

या अहवालावर सर्वांत मर्मभेदी आक्षेप समितीतूनच आला. सर्वोदयी कार्यकर्ते सिद्धराज ढड्ढा यांनी सदस्य असूनही वेगळे मत नोंदवले. गाव आणि ग्रामसभा हाच पाया असला पाहिजे, तो वगळून उभारलेली रचना लोकांपासून लांब जाईल, असा त्यांचा रोख होता. समितीची बाजू अशी की छोट्या पंचायतीजवळ ना पैसा असतो ना माणसे, तिच्या हातून शाळा-दवाखाने चालत नाहीत, आणि गावातला सवर्ण जमीनदार तिच्यावर सहज बसतो. दुसरा मुद्दा खरा आहे. भंडाऱ्याच्या १९५४ च्या निकालाने गावातल्या जातीची ताकद दाखवलीच होती. तरी माझे झुकते माप ढड्ढांना आहे. नागझिऱ्याला लागून असलेल्या गावाचे जंगलाशी, तलावाशी, तेंदूशी जे नाते असते ते वीस हजारांच्या मंडलात विरघळते. दहा कोसांवरच्या भातशेतीच्या गावाला जंगलाच्या फाटकाची काळजी का असावी? इथे मेहतांचा नकाशा पुन्हा गावाच्या आधी आला. गावाला सोयीचे काय याचा त्यांनी विचार केला, पण गावाचे स्वतःचे म्हणून काही असते हे त्यांच्या आकड्यांच्या रकान्यात बसले नाही.

१० डिसेंबर १९८४ रोजी ते वारले. दोन जागांचे मतदारसंघ त्याआधी १९६१ च्या कायद्यानेच संपले होते, त्यामुळे दुसऱ्या मताचा तो प्रश्न मतपेटीतून गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपत्त्यासारख्या गौण वनोपजावरचा हक्क मान्य करताना दावा ठरवायचा आरंभ ग्रामसभेपाशी ठेवला, मंडलापाशी नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या काही ग्रामसभा आता तेंदूचा व्यवहार स्वतः करतात. झाडीपट्टीत हा पत्ता तोडायचा हंगाम मे महिन्यात असतो. जंगलाकाठची घरेच्या घरे तांबडे फुटायच्या आत रानात असतात. आंबेडकर आणि मेहतांची ती पोटनिवडणूकही मे महिन्यातच झाली होती.